नवीन सोरपिगलच्या वेशीपाशी

एंटरची कळ दाबली की जग थांबायचं. अंगावर धावून येणारे गॉब्लिन जागच्या जागी थबकायचे आणि मग एकेकाची पाळी यायची. बाणवाल्याची, पुजाऱ्याची, तलवारवाल्याची, जादूगाराची. घाई कसलीच नाही. क्लेमेंटीतल्या त्या सातव्या मजल्यावर एका खुर्चीभोवती आम्ही चौघे दाटीनं बसायचो. खुर्चीतला एकटाच खेळतोय आणि बाकीचे बघतायत, असं कधी झालं नाही. ज्याची पाळी त्यानं आपली चाल मोठ्यानं सांगायची. "थांब न बे, माझी बारी आहे," असं नागपूरकर ओरडला की कीबोर्डवरचा हात आपोआप वर यायचा.

हे १९९९ सालचं. दोन हजार साल उजाडताच संगणक कोलमडतील, या धास्तीपायी सिंगापुरात भरपूर काम होतं आणि त्या कामावरच आम्ही आलो होतो. जुन्या प्रोग्रॅममधली दोन आकडी सालं हुडकायची आणि चार आकडी करायची, दिवसभर तेवढंच. संध्याकाळी एमआरटीनं घरी. तेव्हा एमआरटीच्या नकाशावर दोनच रेघा होत्या, एक लाल, एक हिरवी. आमच्या ब्लॉकची लिफ्ट सगळ्या मजल्यांवर थांबत नसे. पाचव्यावर उतरून दोन जिने चढायचे. घरात कुणी कुणाला नावानं हाक मारत नव्हतं. सांगलीकर, नागपूरकर, डोंबिवलीकर आणि मी सातारकर. संगणकही एकाचा नव्हता. वर्गणी काढून सिम लिम स्क्वेअरमध्ये दोन शनिवार दुकानं पालथी घातली, सुटे भाग घेतले आणि पंख्याखाली जमिनीवर बसून ते जुळवले. त्याच फेरीत एक खोकं घरी आलं : ‘माइट अँड मॅजिक सहा, द मँडेट ऑफ हेवन’.

या खेळात तुम्ही एकटे वीर नसता. तुम्ही चौघे असता, आणि तेही असे की समोरचं जग चौघांच्या मिळून एकाच नजरेनं दिसतं. डोंगर, समुद्र, गावकुसाबाहेरची वाट समोर उलगडत जाते आणि पडद्याच्या तळाशी चार चेहरे ओळीनं मांडलेले असतात. मार लागला की ते कळवळतात. आजारी पडले की त्यांचा रंग बदलतो. झोप मिळाली नाही की गळून जातात. रानात मुक्काम करायचा तर शिदोरी लागते. आम्ही त्या चौघांना आमच्याच गावांची नावं दिली. नागपूर तलवार घेऊन पुढं, डोंबिवली धनुष्य घेऊन, सातारा जादूगार आणि सांगली पुजारी. जखमा बऱ्या करणारा तोच, आणि खजिनदारही तोच.

खजिनदारीला त्या खेळात फार मोल आहे. चौघेही पडले तर खेळ संपत नाही. पडदा काळा होतो आणि तुम्ही पुन्हा जिथून निघालात त्या पहिल्या गावी, नवीन सोरपिगलला, उभे असता. शिकलेलं सगळं शाबूत असतं. हातातलं सोनं मात्र सगळं गेलेलं असतं. बँकेत ठेवलेलं तेवढं वाचतं. पहिल्यांदा हे घडलं त्या रात्री सांगलीकर जेवला नाही. तेव्हापासून कुठल्याही भुयारात पाय ठेवण्याआधी त्याचा एकच प्रश्न असे, "पैसं ब्यांकेत टाकलं का आधी?"

त्याची एक शंभर पानी वही होती. पुढून आमच्या घराचा हिशेब : भाडं, वीज, टेक्का मार्केटची भाजी, मुस्तफातले पोहे. मागून खेळाचा. कुठल्या गावात कुठल्या घरी कुठली विद्या शिकवणारा माणूस राहतो, कारण त्या खेळात गुरू दारोदार जाऊन शोधावे लागतात. कुठली घोडागाडी कोणत्या वारी सुटते, कुठलं जहाज कोणत्या वारी. आणि शेवटच्या पानांवर दगडी खांबांची अक्षरं. देशभर विखुरलेल्या या खांबांवर अर्थ न लागणारे अक्षरांचे तुकडे कोरलेले असतात. सगळे गोळा करून नीट लावले की त्यातून वाक्य उभं राहतं. हे तुकडे चार हस्ताक्षरांत आहेत. जो जागा असेल त्यानं उतरवून घ्यायचे, असा नियम होता.

या मालिकेला तिच्या योग्यतेचं नाव मिळालं नाही, असं मला मनापासून वाटतं. जॉन व्हॅन केनिगम या माणसानं तिचा पहिला भाग ॲपल टू संगणकावर जवळजवळ एकट्यानं रचला. तो १९८६ला बाहेर आला. १९९२चा चौथा भाग आणि १९९३चा पाचवा हे एकाच सपाट जगाच्या दोन बाजू होत्या, आणि दोन्ही एका संगणकावर बसवले की ते जोडले जाऊन एक सलग जग तयार होई. अशी कल्पना सुचायला आणि ती तडीस न्यायला मोठं काळीज लागतं. पण तिच्याच पोटी जन्मलेली ‘हीरोज’ ही लेक आईपेक्षा प्रसिद्ध झाली. १९९७ला ‘फॉलआउट’ आला, १९९८च्या डिसेंबरात ‘बॉल्डर्स गेट’ आला, आणि जाणकारांची चर्चा तिकडं वळली. तिथले संवाद सरस होते, हे खरं. पण आभाळात उडण्याचा मंत्र हाती आल्यावर, ज्या कड्यानं आठवडाभर अडवलं होतं त्याच्यावरून अलगद तरंगत पलीकडं जाण्याचा आनंद मला दुसऱ्या कुठल्याही खेळानं दिला नाही. त्या रात्री आम्ही लढाया सोडल्या आणि नुसतं उडत राहिलो.

खेळातल्या चौघांचं मूळ गाव स्वीट वॉटर. कथा सुरू होते तीच त्या गावावर सैतान उतरतात तिथून. हे सैतानही पाताळातले नाहीत, परग्रहावरून आलेले आहेत. चौघे कसेबसे निसटतात, परमुलखात वाढतात आणि त्या गावाकडं परत जाता येतं ते अगदी उशिरा, सगळं शिकून झाल्यावर. नकाशावरचा सर्वांत अवघड मुलूख तोच, ते स्वतःचं गाव. तेव्हा या गोष्टीनं मला काही वाटलं नव्हतं. आता साताऱ्याच्या स्टँडवर उतरल्यावर रिक्षावाल्याला घराचा पत्ता सांगताना दोनदा खुणा बदलाव्या लागतात, तेव्हा वाटतं.

२००३ साल आलं ते सार्स घेऊन. दिवसातून दोनदा ताप मोजायचा, शाळेतल्या पोरांनासुद्धा थर्मामीटर वाटलेले. या बेटावर २३८ जणांना तो आजार झाला, त्यांतले ३३ गेले. सांगलीकराची आई रोज रात्री फोन करायची आणि रडायची. तो एप्रिलात परत गेला. विमान जवळजवळ रिकामं होतं म्हणाला. वही माझ्या हातात देऊन गेला. २८ मेला ‘थ्रीडीओ’नं, म्हणजे ही मालिका काढणाऱ्या न्यू वर्ल्ड कंप्युटिंगच्या मालक कंपनीनं, दिवाळखोरीचा अर्ज केला, ३१ मेला सिंगापूर सार्सच्या यादीतून बाहेर आलं, २० जूनला एमआरटीची जांभळी रेघ सुरू झाली. नागपूरकर पुढं मेलबर्नला गेला. डोंबिवलीकर त्या जांभळ्या रेघेवर, सेंगकांगला राहतो आणि गणपतीत भेटतो.

गेल्या डिसेंबरात, ईशान्य मोसमी पाऊस तीन दिवस हलत नव्हता तेव्हा, मी तो खेळ पुन्हा घेतला. जुने खेळ आजच्या संगणकावर चालतील असे करून विकणारं दुकान आहे. शिवाय ग्रेफेस हे टोपणनाव घेतलेल्या एका चाहत्यानं वर्षानुवर्षं खपून त्यातले दोष दुरुस्त केलेत, त्याचे माझ्यावर उपकार आहेत. चारच चेहरे निवडले, तेच. चारच नावं दिली, तीच. झाडं पुठ्ठ्याची वाटली, गॉब्लिन चौकोनी ठिपक्यांचे. पण नवीन सोरपिगलची वाट बोटांना पाठ होती. डोळ्यांच्या आधी बोटं वळत होती. पहिला हल्ला आला. मी एंटर दाबलं. जग थांबलं. तलवारवाल्याची पाळी होती आणि मी हात वर धरून बसून राहिलो. खोलीत पावसाशिवाय आवाज नव्हता.

वही काढली. पानं पिवळी पडलीत, पण अक्षर शाबूत आहे. दगडी खांबांच्या पानावर एक ओळ सांगलीकराच्या हातची, त्यातलं एक अक्षर मला लागेना. फोटो काढून त्याला पाठवला. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, म्हणजे तिकडं नऊ.

दोन मिनिटांत फोन आला. मागं कुकरची शिट्टी ऐकू येत होती. अक्षराबद्दल तो काही बोललाच नाही.

"कुठं हायस आत्ता?"

"गॉब्लिनवॉचच्या दारात."

"आत शिरू नगंस. पैसं ब्यांकेत टाकलं का आधी?"

टाकले नव्हते. मी चौघांना घेऊन मागं वळलो.