भात्याचा डावा हात

आमचं बपेरा तुमसर तालुक्याच्या टोकाला आहे. बावनथडीचा पूल ओलांडला की मध्य प्रदेश. गावच्या भजनी मंडळात बाबा गेली चाळीस वर्षं पेटी वाजवतात. सूर काळी एकचा आणि चाली तोंडी आलेल्या. कागदावर एकही नाही. माझी मुलगी नागपूरला शिकते. मागच्या दिवाळीत ती म्हणाली, "आजोबांच्या चाली मला तिकडे म्हणायच्या आहेत, पण त्यांची पट्टी मला खाली पडते. पांढरी चारमध्ये मिळतील का?"

फोनवर पेटी रेकॉर्ड करून पाहिली. पट्टी चढवली की पेटीचा आवाज चिरकायचा, आणि सराव करण्यासाठी लय कमी केली की घोगरा व्हायचा. घरात एक जुना कीबोर्ड होता. कंपनी कोणतीही असो, गावात त्याला कॅसिओच म्हणतात. आमच्या कीबोर्डच्या पाठीमागे पाच छिद्रांचं गोल भोक होतं, ते मिडीचं, म्हणजे वाद्य दुसऱ्या यंत्राशी जोडण्याचं. तो संगणकाला जोडायचा असं मी ठरवलं.

नागपूरहून केबल आणली. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला दोन गोल पिना: एकीवर 'इन', दुसरीवर 'आउट'. कीबोर्डवरही तीच नावं, म्हणून 'इन'ला इन आणि 'आउट'ला आउट लावलं. अख्खी संध्याकाळ संगणक मुका राहिला. रात्री जेवताना ध्यानात आलं: पाटातून बाहेर पडणारं पाणी तेच शेतात आत येणारं पाणी. कीबोर्डच्या 'आउट'मधून जे निघतं, ते केबलच्या 'इन'मध्ये शिरायला हवं. ताट तसंच ठेवून उठलो आणि पिना अदलाबदल केल्या. पट्टी दाबली, पडद्यावर हिरवी रेघ उसळली.

बाबा खुर्ची ओढून जवळ बसले. "आवाज गेला का जी तिकडे?"

"आवाज जातच नाही, बाबा. तुम्ही काय वाजवलं, तेवढं जाते."

मला हे समजायला दोन दिवस लागले होते. मिडीच्या तारेतून सूर वाहत नाही, आकडे वाहतात. कोणती पट्टी दाबली, किती जोरात दाबली, कधी सोडली, एवढंच. प्रत्येक पट्टीला 0 ते 127 मधला एक आकडा असतो. मधली पांढरी एक म्हणजे 60, तिच्या शेजारची काळी एक 61. आवाज तयार होतो तो पलीकडे, संगणकात. 1983 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या एका वाद्यप्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर पहिल्यांदा असे तारेने जोडून दाखवले गेले. एकावर बोट पडलं आणि दुसरा वाजला. ती भाषा आजही तीच आहे, म्हणून आमचा जुना कीबोर्ड आजच्या संगणकाशी बोलू शकतो.

मुलीचं कामही त्यामुळेच सोपं झालं. काळी एकवरून पांढरी चारला जायचं म्हणजे 61 चे 65 करायचे. अख्ख्या चालीतल्या प्रत्येक आकड्यात 4 मिळवले की झालं. लय तीच राहते आणि आवाज चिरकत नाही. लय कमी केली तर पट्टी हलत नाही.

पण आधी बाबांना वाजवता यायला हवं होतं. त्यांनी पट्टी दाबली की सूर अंमळ उशिरा यायचा. "हे मागून बोलते," म्हणून त्यांनी हात उचलला. दोष तारेचा नव्हता. एक सूर तारेतून जायला सेकंदाचा हजारावा भागही पुरतो. उशीर होत होता तो संगणकाच्या ध्वनीच्या ड्रायव्हरमध्ये. ड्रायव्हर बदलला, आवाज क्षणभर साठवणारा बफर 256 नमुन्यांवर आणला, तेव्हा त्याचा उशीर सहा मिलिसेकंदांच्या आसपास आला आणि बाबांची बोटं मोकळी झाली.

तरी काहीतरी अडत होतं. उजवा हात पट्ट्यांवर पळत होता, पण डावा हात हवेत हलत होता, पुढे-मागे, पुढे-मागे. चाळीस वर्षं त्या हाताने भाता ओढला होता. "याले भाताच नाही," बाबा म्हणाले, "श्वास कुठून घ्यायचा?" पेटीचा आवाज लहान-मोठा होतो तो भात्याने. पट्टी कितीही जोरात दाबली तरी फरक पडत नाही. कीबोर्डचं नेमकं उलटं असतं. म्हणून बाबांची चाल बरोबर वाजत असूनही निर्जीव वाटत होती.

कीबोर्डच्या डाव्या कडेला एक चाक होतं, मॉड्युलेशनचं, कधी न वापरलेलं. त्या चाकाचे आकडे मी संगणकातल्या पेटीच्या आवाजाच्या चढ-उताराला जोडून दिले. आणि बाबांचा डावा हात उचलून त्या चाकावर ठेवला. त्यांनी ते हळूच पुढे लोटलं. सूर भरला. मागे घेतलं, सूर ओसरला. बाबा काही बोलले नाहीत. डोळे मिटून सरळ चाल धरली.

त्या रात्री सहा चाली नोंदवल्या. दुसऱ्या दिवशी मी एक घाई केली. नोंदणीसाठी वापरलेल्या रीपर या संगणकातल्या प्रोग्राममध्ये एका मात्रेचे 960 भाग दिसतात. बाबांचे सूर मात्रेवर नेमके पडत नव्हते. मुखड्यावर येताना ते दरवेळी तीस-चाळीस भाग मागे राहत होते. क्वांटाइजचं बटण दाबून मी सगळे सूर ओळीत बसवले. ऐकलं, आणि चाल ओळखू येईना. सगळे सूर होते, ठेकाही बरोबर होता, पण समेवर येताना मृदंग पुढे जाऊ देऊन मग पाऊल टाकण्याची ती बाबांची रीत गेली होती. ती चूक नव्हती, तीच चाल होती. मी सगळं पूर्ववत केलं आणि ते बटण पुन्हा दाबलं नाही.

मुलीला फाइल पाठवली, अवघ्या काही केबीची. तिने त्यावर पांढरी चारमध्ये म्हटलं आणि आवाज भरून धाडला. बाबांना पडद्यावर दाखवलं: वर सुरांचे ठोकळे, खाली चाकाच्या आकड्यांची रेघ. प्रत्येक ओळीआधी ती रेघ चढत होती आणि ओळ संपताना उतरत होती. बाबांनी त्या रेघेवर बोट ठेवलं.

"हा भाता आहे माझा," ते म्हणाले. आणि मुलीचा आवाज पुन्हा लावायला सांगितला.

आता गावच्या मंडईच्या जत्रेआधी मंडळातल्या बाकीच्या चाली नोंदवायच्या आहेत. एक मृदंगी आहेत, सत्तरीच्या पुढचे. त्यांना विचारलं, तर म्हणाले, धानाची कापणी उरकू दे, मग येतो.