बंद खात्याचा क्रमांक

सांगलीच्या हळद बाजारात तीन पिढ्या अडतीचा व्यवसाय करणाऱ्या एका घरात जुन्या वह्यांचे लाकडी कपाट आहे. लाल कापडी बांधणीच्या त्या खतावण्यांत एका खात्याचे शीर्षक इतरांहून वेगळे आहे. ते कोणा शेतकऱ्याचे किंवा पेढीचे नाव नाही. तो एका मोटारीचा क्रमांक आहे. ‘बीएम’ने सुरू होणारी तीन अक्षरे, पुढे चार आकडे आणि त्यांतले शेवटचे दोन साते. त्याखाली १९६३ पासून पेट्रोल, टायर, ब्रेकचे तेल, मिस्त्रीची मजुरी, असा पैन् पैचा हिशोब अण्णांच्या ठसठशीत हस्ताक्षरात मांडलेला आहे. शेवटची नोंद १९८४ची : ‘मोटार विकली. खाते बंद.’

ती मोटार म्हणजे १९५८ सालची फियाट ११००. तिच्या गुबगुबीत आकारामुळे महाराष्ट्रात तिला लोक प्रेमाने ‘डुक्कर फियाट’ म्हणत. पुढचे दरवाजे उलट दिशेने उघडणारे, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून ती बाहेर पडली होती. मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून अण्णांनी ती घेतली, तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. मुलांच्या शाळेपासून नातलगांच्या लग्नांपर्यंत एकवीस वर्षे ती घरच्या माणसासारखी राबली. मग एका हंगामात भाव कोसळले, देणी अंगावर आली. अण्णांनी कोणाचाही पैसा बुडवला नाही. मात्र त्यासाठी जे विकावे लागले, त्यात मोटारही गेली. त्या दिवसाविषयी ते पुढे कधी बोलले नाहीत. एवढेच की, घरातील आकड्यांच्या कुलपाला त्यांनी तेच चार आकडे लावले. घरातली मुले मोटार न पाहताच तो क्रमांक पाठ करून मोठी झाली.

काही वर्षांपूर्वी पुण्यात जुन्या मोटारींच्या एका मेळाव्यात त्यांचा नातू सहज फिरत होता. एका गडद लाल फियाटपाशी तो थबकला. घरच्या छायाचित्रांतील मोटार दुधी रंगाची होती. हिची बैठक नवी, दिवे नवे, बंपरही चकाकता. ओळखीची खूण अशी काहीच उरली नव्हती. पण पुढच्या काळ्या पत्र्यावर पांढऱ्या रंगाने हाताने रंगवलेली तीन अक्षरे होती, आणि शेवटी दोन साते होते. त्याने त्याच रात्री घरी फोन केला. खतावणीत ठेवलेल्या विम्याच्या जुन्या कागदावरून चॅसिसचा क्रमांक पडताळून पाहिला. तो तंतोतंत जुळला.

जुन्या मोटारीचा मूळ क्रमांक जपण्याचे मोल अशा वेळी ध्यानात येते. मोटारीचे बाकी सारे नव्याने करता येते. पत्रा ठोकून सरळ होतो, रंग पुन्हा चढतो, क्रोमचा मुलामा पुन्हा देता येतो, इंजिन उघडून पुन्हा बसवता येते. कुशल कारागिराच्या हाताला अशक्य असे त्यात फारसे काही नाही. क्रमांक मात्र कोणत्याही कारखान्यात घडवता येत नाही. तो एकदाच दिला जातो, आणि गेला की त्या मोटारीचा पूर्वीच्या माणसांशी असलेला दुवाच तुटतो.

शिवाय त्या अक्षरांत इतिहासही असतो. ‘बीएम’ ही मुंबई राज्याच्या काळातील खूण. १ मे १९६० रोजी ते राज्य नकाशावरून गेले, पण त्याची दोन अक्षरे रस्त्यावर फिरत राहिली. नवा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ रोजी लागू झाला आणि ‘एमएच’ व जिल्ह्याच्या कार्यालयाचा आकडा, ही आजची पद्धत आली. पूर्वीच्या गाड्यांचे जुने क्रमांक मात्र कायम राहिले. सांगलीकरांना यातली एक अडचण ठाऊक आहे. कर्नाटकाची सीमा येथून हाकेच्या अंतरावर. मोटार दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवली, तर तेथे नवा क्रमांक घ्यावा लागतो. ती फियाट विकली जाऊन बेळगावला गेली असती, तर नातू तिच्या अंगाला अंग घासून गेला असता आणि त्याला काही कळलेही नसते.

ही ओढ केवळ आपल्याकडचीच नाही. इंग्लंडमध्ये हरवलेला मूळ क्रमांक जुन्या मोटारीला परत मिळवून देण्याची रीतसर योजना आहे. त्यासाठी जुन्या कागदपत्रांचा पुरावा लागतो, आणि परत मिळालेला क्रमांक दुसऱ्या गाडीला देता येत नाही. क्रमांकाचा बाजार होऊ नये, तो त्याच मोटारीपाशी राहावा, हा त्यामागचा विवेक आहे. भारतातही २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नियम झाले. नव्याने नोंद होणाऱ्या अशा वाहनाला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. आधीच नोंदलेल्या वाहनाला आपला मूळ क्रमांक राखता येतो. मात्र चॅसिस, सांगाडा आणि इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा, आणि ते वाहन रोजच्या वापरात आणता येत नाही.

त्या मालकाने सारी हकीकत ऐकून मोटार रास्त भावात दिली. कागदपत्रांच्या खेपा, थकलेले शुल्क, जुन्या नोंदीची संगणकात भर, यांत काही महिने गेले. शेवटी प्रश्न उरला तो पत्र्याचा. अक्षरे कोठे कोठे उडाली होती. वाहनांना आता ॲल्युमिनियमची, होलोग्राम असलेली, ठरावीक अक्षरांची सुरक्षित पाटी लावण्याचा आग्रह आहे. नातवाचा जीव त्या हाताने रंगवलेल्या पत्र्यात अडकला होता. तो म्हणाला, “अण्णा, हा पत्रा काढला तर तुमच्या मोटारीचं काय उरलं?”

अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या अण्णांनी पत्रा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. “बाळ, हा पत्रा १९७१ साली एकदा बदललाच होता. वहीत बघ, पेंटरचे पैसे लिहिलेत. पत्रा बदलतो. आकडा खरा आहे ना, मग झालं. नियमात असेल ती पाटी लाव. खोटा आकडा सुंदर पत्र्यावर लिहिला म्हणून खरा होत नाही.”

नातवाने वही उघडून पाहिली. नोंद होती.

जुन्या वस्तूंची आवड पुष्कळांना असते. पण कित्येकदा ती आवड शोभेपुरतीच राहते. जुन्या वळणाची अक्षरे काढून घेतली, एखाद्या मोडीत गेलेल्या गाडीचा क्रमांक दुसरीला चिकटवला, की जुनेपण आले असे काहींना वाटते. ते जुनेपण नव्हे, ती फसवणूक आहे, आणि कायद्याने गुन्हाही. क्रमांकाचे सौंदर्य त्याच्या खरेपणात आहे. ही तीच मोटार आहे, एवढे एकच वाक्य तो बोलतो. ते वाक्य साठ वर्षे न बदलता बोलत राहिला, म्हणूनच ऐकणाऱ्याला घर सापडले.

पत्रा आता वह्यांच्या कपाटात आहे. मोटार ज्या दिवशी अंगणात आली, त्या संध्याकाळी अण्णांनी ती जुनी खतावणी मागवली. हात थरथरत असल्याने त्यांनी ती नातवापुढे सरकवली. ‘खाते बंद’ या ओळीखाली बरीच कोरी जागा होती. शीर्षक नव्याने लिहावे लागले नाही. नातवाने तारीख घातली आणि लिहिले : ‘पेट्रोल, दहा लिटर.’