खालची फळी

'बस' हा शब्द आमच्या गावात तीन अर्थांनी चालतो. पाहुणा आला की त्याला म्हणायचे, बस. पंगतीत वाढपी दुसऱ्यांदा आमटी घेऊन आला की पानावर हात आडवा धरून म्हणायचे, बस. आणि तिसरी, सकाळी पावणेसातला नाल्यापाशी येऊन धुरळा उडवीत उभी राहते ती. या शब्दाला चौथाही एक अर्थ आहे आणि तो संगणकाच्या पोटातला आहे, हे मला परवापरवापर्यंत ठाऊक नव्हते. ठाऊक असायचे कारणही नव्हते. मी मॅट्रिक झालेला मास्तर. चौथीला भागाकार शिकवतो आणि सुट्टीत कादंबऱ्या लिहितो. संगणकाशी माझा संबंध एवढाच, की प्रकाशक हल्ली हाताने लिहिलेले बाड घेत नाहीत.

हा चौथा अर्थ मला सांगितला माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने. ती पुण्याला एका कंपनीत आहे. गावातल्या माणसांनी काय करतेस म्हणून विचारले, तर ती 'कॉम्प्युटर' एवढेच सांगून मोकळी होते. मला मात्र तिने सुट्टीत आमच्या ओट्यावर बसून सगळे समजावून दिले. मास्तराला शिकवताना विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर एक निराळेच समाधान असते. मीही ते तिला मनसोक्त घेऊ दिले.

संगणकाच्या मध्यभागी एक कारभारी असतो. त्याला कर्नेल म्हणतात. लष्करातला नव्हे, बीच्या आतला गर या अर्थाचा. या कारभाऱ्याच्या हाताखाली नाना यंत्रे असतात. कुणी तबकडीवरचे वाचते, कुणी तारेवरून आलेला निरोप घेते, कुणी आवाज काढते. प्रत्येक यंत्राचे म्हणणे कारभाऱ्याला समजावून सांगणारा एकेक दुभाषी असतो, त्याला ड्रायव्हर म्हणायचे. माझ्या विद्यार्थिनीचे काम हे दुभाषी लिहिण्याचे.

"गुरुजी," ती म्हणाली, "मेमरी म्हणजे नंबर घातलेले खण समजा. यंत्राला आपला माल स्वतःच्या हाताने खणात ठेवता येतो, कारभाऱ्याला दर वेळी उठावे लागत नाही. पण कोणता खण, तो नंबर तारांवरून जातो. त्या तारांच्या जुडग्याला बस म्हणतात. तारा जितक्या, तितकाच यंत्राचा हात लांब."

"म्हणजे किती?"

"चोवीस तारा असतील, तर तुम्ही दोनची चोवीस वेळा दुप्पट करा."

मी 'दोनची' नव्हे, 'एकाची' दुप्पट चोवीस वेळा, अशी तिची चूक काढली. (सवय!) मग खडू घेऊन ओट्याच्या फरशीवर करीतच गेलो. १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ आले. संगणकाच्या भाषेत हेच १६ मेगाबाइट. १९८४ साली आयबीएमने पीसी एटी नावाचे यंत्र काढले, त्याच्या बसला पत्त्याच्या तारा चोवीसच होत्या. त्या काळी एवढे खण म्हणजे चंगळ होती. पुढे मेमरी शेकडो पटींनी वाढली, पण त्या जुन्या बसवर चालणाऱ्या कार्डांचा हात वाढला नाही. हात काही खाऊपिऊ घालून लांब होत नाही.

मग कारभाऱ्याने काय करावे? मला वाटले होते की अशा यंत्रांना निवृत्त करीत असतील. पण लिनक्स नावाच्या कर्नेलमध्ये तसे केलेले नाही. मेमरीतले पहिले १६ मेगाबाइट त्याने एका बाजूला काढून ठेवले, आणि अगदीच अडल्याशिवाय इतरांनी तिथे हात लावायचा नाही असा नियम केला. आमच्या नेहमीच्या संगणकांत ही व्यवस्था बहुधा अजून आहे.

हे ऐकताना मला आमच्या जुन्या घरातले फडताळ आठवले. त्याला पाच फळ्या होत्या. आजीची पाठ वाकलेली, त्यामुळे तिचा हात सर्वांत खालच्या फळीच्या वर जात नसे. मीठ, मिसळणाचा डबा, तिची मशेरीची डबी, सारे खालच्या फळीवर. आम्ही पोरे दप्तरे, भोवरे, जे हाती येईल ते तिथे कोंबायचो आणि आईच्या हातचा धपाटा खायचो. "तुमचा हात वर पोचतो ना? मग वर ठेवा!" आजीला वरच्या फळीवरचे काही लागलेच, तर आई ते काढून खालच्या फळीवर आणून ठेवी, आजीचे काम झाले की पुन्हा वर नेई. संगणकात नेमके हेच करतात. त्याला बाउन्स बफर म्हणतात. खालच्या फळीवर एक जागा राखलेली असते, साधारणपणे ६४ मेगाबाइटची. माल आधी तिथे उतरवायचा, मग कारभाऱ्याने उचलून त्याच्या खऱ्या ठिकाणी न्यायचा. दुप्पट कष्ट होतात, वेळ जातो, आणि गर्दी झाली तर ती जागाही भरते. काही यंत्रांत शिंक्यासारखी सोय असते: दोरी सैल केली की वरचे मडके हाताच्या उंचीला येते. म्हणजे यंत्राला सांगायचा खालचा नंबर आणि माल पोचवायचा वरच्या खणात. पण शिंके काही प्रत्येक घरी नसते.

हे सारे व्हायचे, तर आधी एक गोष्ट व्हावी लागते. हात कुठवर पोचतो, हे दुभाष्याने सुरुवातीलाच कारभाऱ्याला सांगावे लागते. न सांगितले तर कारभारी बत्तीस तारा गृहीत धरतो. या सांगण्याला त्यांच्या बोलीत मास्क, म्हणजे मुखवटा म्हणतात. मुखवटा घालून खरे बोलायचे, हा व्यवहार मला फार आवडला. कारभारी कधी कधी म्हणतो, एवढ्याशा हाताची सोय माझ्याकडे नाही. तेव्हा दुभाष्याने मुकाट्याने दुसरी वाट धरायची, किंवा यंत्र सुरूच करायचे नाही.

आणि खोटे सांगितले तर?

इथे ती थोडी थांबली. तिच्या कंपनीत छातीचे ठोके टिपणारे एक कार्ड होते. हात बत्तीस तारांचा. आधीच्या कुणी तरी लिहून ठेवले होते, चौसष्ट. कंपनीतल्या तपासणीच्या यंत्रांत मेमरीच दोन गिगाबाइट, सगळे खण हाताच्या टप्प्यात. तिथे कार्ड शंभर टक्के गुणांनी पास! मग ते एका दवाखान्यातल्या मोठ्या मेमरीच्या संगणकात बसवले. समजा, घराचा नंबर १००५ आहे आणि पाटीवर तीनच आकडे मावतात. पाटीवर ००५ उरतो, आणि पोस्टमन ते पत्र पाच नंबरच्या घरात टाकून निघून जातो. ना तो अडतो, ना कुणाला विचारतो. तसेच झाले. ठोके भलत्याच खणात जाऊन पडले, आणि त्या खणात आधी जे होते ते पुसले गेले. तक्रार आली ती बिलाचे आकडे बदलतात म्हणून! कार्डाकडे कुणाचे बोटही जाईना. एकवीस दिवस शोधून ती त्या एका ओळीपाशी पोचली. वरिष्ठांचे म्हणणे पडले की लहान मेमरीच्या यंत्रातच कार्ड वापरा असे गिऱ्हाइकाला कळवावे, ओळ बदलून चूक कागदावर आणू नये. तिने ओळ बदलली. त्यानंतर काय झाले ते तिने सांगितले नाही, मीही विचारले नाही.

मला राहून राहून नवल वाटते ते याचे, की खोटे बोलणाऱ्याचे काही बिघडत नाही. पुसली जाते ती शेजाऱ्याची पाटी.

पण याहूनही एक अवघड प्रकार आहे. यंत्राचा हात चांगला लांब असतो, पण ते ज्या वाटेवर राहते तीच अपुरी असते. २०१९ च्या जूनमध्ये रास्पबेरी पाय ४ नावाचा तळहाताएवढा संगणक निघाला. मोठ्या नगाला मेमरी चार गिगाबाइट, पण यूएसबीच्या यंत्राकडे जाणारी जी बस, ती त्याच्या पहिल्या चिपमध्ये तीन गिगाबाइटच्या पलीकडे जात नव्हती. यंत्राचा स्वतःचा हात कितीही लांब असो, उपयोग नाही. गंमत अशी, की मुखवट्यात एक, दोन, चार, आठ अशाच मर्यादा सांगता येतात. तीन सांगताच येत नाही. म्हणून लिनक्सवाल्यांनी बसची मर्यादा निराळी लिहायला घेतली, सरळ आकड्यात. ती लिहायची वाटेच्या नावावर. यंत्राच्या नावावर ती चढवायची नाही.

मी तिच्याकडे पाहत राहिलो. ही मुलगी सातवी झाली तेव्हा हायस्कूल अकरा किलोमीटरवर होते, आणि पावसाळ्यात एस.टी. नाल्याच्या अलीकडे येत नसे. आषाढ-श्रावणात हिची गैरहजेरी महिन्यात बारा-बारा दिवस. तालुक्याच्या मावशीने ठेवून घेतले म्हणून निभावले. तिच्या प्रगतिपुस्तकावर त्या वर्षी शेरा होता, 'अनियमित'. नाल्याचे नाव त्यात कुठेच नव्हते.

सध्या माझ्या टेबलावर एक तक्ता पडला आहे. वरून आलेला आहे, सुट्टी संपताच परत जायचा आहे. चौथीच्या प्रत्येक मुलापुढे येते की येत नाही ते लिहायचे: वाचन, लेखन, बेरीज, वजाबाकी, भागाकार. गेल्या खेपेस ज्या शाळांनी 'येत नाही' लिहिले, त्यांच्या मास्तरांना खुलासे द्यावे लागले. मुलांना मात्र कुठली फळी मिळाली नाही. त्यामुळे यंदा आसपासच्या सगळ्या शाळांत सगळ्यांना सगळे येते. हे मास्तर लबाड आहेत असे मला म्हणवत नाही. खरा आकडा सांगितल्यावर खालचा खण मिळतो, हे ठाऊक असल्यामुळे दुभाषी खरे बोलतो. सांगणाऱ्यालाच ओट्याखाली उभे करणार असाल, तर तोही चौसष्टच म्हणेल. मग पाचवीच्या बाईंच्या वर्गात कुणाची तरी पाटी पुसली जाते, आणि बाईंना वाटते आपल्या शिकवण्यातच काही खोट आहे.

एक मुलगा आहे. हातच्याची वजाबाकी म्हटली की त्याचे डोळे भरून येतात. बाहेरच्या बाजूला मण्यांच्या माळा आहेत. दहा-दहांच्या त्या माळा पुढ्यात घेऊन बसवला, एक माळ सोडून सुटे मणी केले, की तो उत्तर बरोबर काढतो. वेळ तिप्पट लागतो. बापाची वीटभट्टी बदलली की तोही दोन-दोन महिने दिसेनासा होतो.

त्याच्या नावापुढे मी लिहिले आहे: 'वजाबाकी तोंडी येत नाही. मण्यांवर येते. मणी द्यावेत. कार्तिक ते फाल्गुन गाव सोडावे लागते.' रकाना अर्ध्या बोटाचा आहे, एवढे त्यात मावेना. म्हणून 'मागे पाहा' असे लिहून ते तक्त्याच्या पाठीमागे उतरवले आहे.