चौथ्या सीटचं मानसशास्त्र

डोंबिवली (पूर्व)

प्रिय सुलू,

तुझ्या मीराचा मेसेज आला. तिला मानसशास्त्राच्या प्रोजेक्टसाठी हवंय, 'मावशी, लोकलमध्ये बायका चौथी सीट देतात का, म्हणजे तिघींच्या बाकावर सरकून चौथीला जागा?' अगं, उत्तर काय, मी झोपेतही देईन. पण ते शोधायचं कसं, यातच खरी मेख आहे.

सगळ्यात सोपी प्रश्नावली. फलाटावर उभं राहून शंभर जणींकडून फॉर्म भरून घेतले की काम फत्ते. पण 'तुम्ही सरकून जागा देता का?' असं विचारल्यावर 'नाही' कोण लिहिणार? कागदावर सगळ्याच दानशूर! तेवढ्या खरंच सरकल्या असत्या, तर ठाण्यापर्यंत इतक्या जणी उभ्या कशाला राहिल्या असत्या?

मग निरीक्षण. रोजच्या डब्यात गुपचूप बघत राहायचं. कुणी 'डाउन करून', म्हणजे आधी उलट्या दिशेने जाऊन, खिडकी पटकावलीय, कुणी चढल्या चढल्या 'कुठे उतरणार?' विचारत पुढची सीट राखून ठेवतेय, चौथी बिचारी मुंब्र्यापर्यंत अर्धी हवेत. हे कुठल्या फॉर्ममध्ये सापडायचं नाही. पण सरकणारी का सरकली? दया आली, सवय होती, की ग्रुपची भीड पडली? ते नुसतं बघून कळत नाही. आणि आपण वही काढली, की बायका लगेच सावरून बसतात.

कारण शोधायचं तर प्रयोग. १९७० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रमच्या विद्यार्थ्यांनी न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत बसलेल्या प्रवाशांकडे सरळ सीट मागितली. कारण काही सांगितलं नाही, तरी सुमारे ६८ टक्के लोक उठले किंवा सरकले. 'उभ्याने पुस्तक वाचता येत नाही' असं फुसकं कारण दिलं, तेव्हा आकडा ४२ टक्क्यांवर आला! कारणच न दिल्यावर समोरच्याला वाटत असावं, बरं नसेल बिचाऱ्याला. एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं, हे प्रयोगाचं बळ. पण प्रवाशांची संमती कुणी घेतली होती? शिवाय तिथे सीट मागताना विद्यार्थ्यांना घाम फुटायचा. आपल्याकडे 'जरा सरका' हा हक्क आहे. तिथला निष्कर्ष लेडीज डब्याला कसा लावणार? मानसशास्त्रज्ञ व्ही. व्ही. कामतांनी परदेशातली बिनेची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी नव्याने बेतली, ती उगाच नाही.

दोन गोष्टींचे आकडे सोबत चढताना दिसले म्हणूनही हुरळून जाऊ नये. लांबून येणाऱ्या बायका जास्त चिडक्या निघाल्या, तर दोष प्रवासाचा की अपुऱ्या झोपेचा?

राहिला एकाच व्यक्तीचा सखोल अभ्यास. एखादीला विश्वासात घेऊन बोलतं केलं, तर पोटातलं ओठावर येतं. पण तिच्या एकटीवरून अख्ख्या डब्याबद्दल बोलता येत नाही, आणि तिचं नावगाव जपावं लागतं ते वेगळंच.

तेव्हा मीराला सांग, एकाच पद्धतीवर विसंबू नकोस. सुट्टीत इकडे ये, आधी आठवडाभर डब्यात बघ, मग फॉर्म वाट. दोन्हींची उत्तरं जुळली नाहीत, तर तसंच लिही. मार्क कमी पडले तरी चालतील, पण अभ्यास खरा होईल.

तुझी,
शुभा