कपाळावरच्या आठ्या
२०२० च्या डिसेंबरात बेंगळूर येथे अंकिता गौर पाचव्या महिन्यात दहा किलोमीटर ६२ मिनिटांत धावल्या. वर्षानुवर्षांचा सराव आणि डॉक्टरांची संमती त्यांच्या पाठीशी होती. आमच्या भाचीने तोच बेत बोलून दाखविला, तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांच्या कपाळांस आठ्या पडल्या.

आम्हांस कायदा आठवला. प्रसूतीपूर्व काळात मालकाने कष्टाचे काम लावू नये, असे १९६१ च्या प्रसूती लाभ अधिनियमाने ठरविले; पण केव्हा? गर्भवतीने स्वतः तशी विनंती केल्यावर. म्हणजे शब्द तिचाच. डॉक्टरांस विचार, रक्तस्राव वा भोवळ होताच थांब, एवढेच आम्ही भाचीस सांगितले. पुढचे तिने ठरवावे.

निपाणीच्या तंबाखू-वखारींत पोटुशा बाया राबत, तेव्हा मात्र ह्याच कपाळांवर एकही आठी उमटली नव्हती.