भिंत आधी, चित्रं नंतर

सोफ्यामागची भिंत चित्रांनी भरायची, एवढंच ठरलं होतं. चित्रं घरातच होती. आजीकडून आलेली रविवर्मा छापखान्याची लक्ष्मी, जुन्या ‘दीपावली’ अंकांवरची दीनानाथ दलालांची दोन मुखपृष्ठं, डहाणूहून आणलेलं वारली चित्र, बाबांची पेन्सिलीतली रेखाटनं आणि आई-बाबांच्या लग्नातला कृष्णधवल फोटो. सुरुवात कुठून करायची, ते मात्र कळेना. कुणी म्हणे सगळ्या फ्रेमा एकसारख्या हव्यात, कुणी म्हणे मुळीच नकोत. सासूबाईंनी एकच अट घातली होती, देवीच्या वर काही लावायचं नाही.

फ्रेमवाले काका घरी आले. चित्रांकडे त्यांनी आधी पाहिलंच नाही. भिंतीवरून तळहात फिरवला आणि कोपऱ्यातला रंगाचा पोपडा नखानं उचलला. “ताई, ही पश्चिमेची बाहेरची भिंत. पावसाळ्यात ओल धरणार. इथे कागद टिकायचा नाही.” त्यांनी समोरची आतली भिंत दाखवली. तिथे सोफा नव्हता, स्विचबोर्ड होता. मनात धरलेली सगळी मांडणी तिथेच मोडली.

लक्ष्मीची जुनी चौकट उघडली, तेव्हा मी काकांच्या शेजारी बसून होते. वर्षानुवर्षं काच थेट कागदाला टेकलेली, खालच्या कडेला चिकटलेली. तेवढा भाग त्यांनी ओढून काढला नाही. काच जिथे चिकटली होती, तिथे धोका नको म्हणाले. मग मला भिंग दिलं. लक्ष्मीच्या गालावर गुलाबी, पिवळे, तपकिरी ठिपकेच ठिपके दिसले. प्रत्येक रंगाच्या छपाईसाठी वेगळा दगड, एकाच कागदावर एकामागून एक छाप, आणि शेवटी तैलचित्रासारखी चमक यावी म्हणून वार्निश. १८९४ साली मुंबईत सुरू झालेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेला हा छापखाना. राजेरजवाड्यांकडे असायची तशी चित्रं त्यानं साध्या घरांच्या भिंतीवर आणली. लहानपणापासून मी या चित्राला फक्त नमस्कार करत आले होते. इतक्या जवळून कधी पाहिलंच नव्हतं.

मांडणीचं कोडं कागदावर सुटलं. प्रत्येक फ्रेमेच्या मापाचा वर्तमानपत्राचा कागद कापला आणि मास्किंग टेपनं भिंतीवर चिकटवला. सगळ्या समूहाचा मध्य जमिनीपासून ५७ इंचांच्या आसपास आणि दोन फ्रेमांमध्ये दोन-अडीच इंच, एवढे दोनच आकडे मी धरून ठेवले. मग इलेक्ट्रिशियन आला. स्विचबोर्डाच्या सरळ वर आणि खाली भिंतीच्या आत वायरचा पाइप असतो, तिथे ड्रिल लावायचं नाही, असं त्यानं सांगितलं. एक उभा पट्टाच मोकळा सोडावा लागला आणि चित्रांचे आपोआप दोन गट झाले. विटांच्या भागात ६ मिलिमीटरचं बिट सहज गेलं, गिट्टी आणि स्क्रू घट्ट बसले. काँक्रीटच्या खांबात मात्र ड्रिल नुसतं ओरडत राहिलं, म्हणून तिथलं चित्र चार इंच सरकवलं.

खरी अडचण वारली चित्राची. गेरूच्या गडद लाल जमिनीवर पांढऱ्या रेघांचा तारपा नाच. ते लक्ष्मीशेजारी धरलं की लक्ष्मी फिकी पडे, दलालांच्या मुखपृष्ठांशेजारी धरलं की मुखपृष्ठं भडक वाटत. वारली घरात लग्नाच्या वेळी सवाशिणी तांदळाच्या पिठानं भिंतीवर चौक काढतात, हे आठवलं, आणि मी ते आई-बाबांच्या लग्नाच्या फोटोशेजारी लावलं. काळ्या-करड्या फोटोला तो लाल शोभला. देवी सगळ्यांच्या वर गेली, सासूबाईंचं समाधान झालं.

फ्रेमांच्या मागे चारही कोपऱ्यांना रबराची बटणं लावली आहेत, म्हणजे मागून हवा खेळते. खालची चिकटलेली कड सोडली, तर लक्ष्मीला आता काचेपासून कागद दूर ठेवणारा माउंट आहे.

नवीन घरात राहायला गेला असाल, तर चित्रं लावण्याआधी एक पावसाळा जाऊ द्या. आणि घरात जुनी तसबीर असेल, तर तिची काच कागदाला टेकली आहे का, ते आजच बघा.