मागच्या सीटवर बटाटा आणि मिरची

न्यू जर्सी ते सिएटल. साधारण ४६०० किलोमीटर, एक गाडी, दोन भावंडं आणि दोन साप. नाही, पहिला विचार माझा नव्हता!

तुम्ही घर बदलता तेव्हा सगळ्यात शेवटी काय पॅक करता? चहाचं पातेलं? वायफायचा राऊटर? माझ्या मावसभावाने सगळ्यात शेवटी पॅक केले दोन साप. खरेखुरे, जिवंत.

मी अमेरिकेत गेले होते ती टूरिस्ट म्हणून. न्यूयॉर्क, नायगारा, थोडं शॉपिंग आणि घरी परत, असा साधासुधा प्लॅन. पण जून २०२५च्या सुरुवातीला दादाची नोकरी गेली. एच-वन-बी व्हिसावर असताना नोकरी गेली, की दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. नाहीतर गाशा गुंडाळायचा. दादाला ४१व्या दिवशी ऑफर आली, सिएटलजवळच्या रेडमंडमधून. म्हणजे अमेरिकेच्या एका टोकाहून थेट दुसऱ्या टोकाला.

पुण्याहून मावशीचा व्हिडिओ कॉल. ‘‘अरे, ते साप कुणाला तरी देऊन टाक बाबा. आधी नोकरीचं बघ.’’

‘‘बघतो, आई,’’ दादा म्हणाला. ‘बघतो’ म्हणजे ‘नाही’, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

मग माझ्याकडे वळून म्हणाला, ‘‘येतेस का सोबत? मी गाडी चालवेन, तू मागे लक्ष ठेव.’’ मी एकच अट घातली. हात लावणार नाही!

ओळख करून घ्या

बटाटा म्हणजे बॉल पायथन. मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, बिनविषारी, आणि एक नंबरचा भित्रा. घाबरला की डोकं आत लपवून स्वतःचा चेंडू करतो, म्हणून बटाटा. दादा एमएस करत होता तेव्हापासून त्याच्याकडे आहे. मिरची म्हणजे कॉर्न स्नेक. अमेरिकेच्या आग्नेय भागातली, केशरी, सडपातळ आणि तीही बिनविषारी. पाळलेला बॉल पायथन वीस-तीस वर्षं आरामात जगतो. म्हणजे होमलोनपेक्षा लांबची कमिटमेंट, बॉस.

आता तुम्ही म्हणाल, विमानाने का नाही? कारण बहुतेक एअरलाइन्स केबिनमध्ये साप घेत नाहीत. अमेरिकेच्या पोस्टातून साप पाठवायला चक्क बंदी आहे. खास परवानगीवाल्या कुरिअरने पाठवता येतात, पण ऐन जुलैच्या उन्हात एखाद्या गोदामात खोकं पडून राहिलं तर? दादाला ती रिस्क नको होती.

शिवाय प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. न्यू जर्सीत साप पाळायला परवाना लागतो. जॉर्जिया राज्यात कॉर्न स्नेक स्थानिक म्हणून पाळताच येत नाही. आणि हवाईमध्ये साप बाळगणं हा मोठा गुन्हा. दोन लाख डॉलरपर्यंत दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद! दादाने वाटेतल्या सगळ्या राज्यांचे नियम वाचले, व्हेटकडून सर्टिफिकेट घेतलं आणि फाइल केली. माझ्या व्हिसाच्या फाइलपेक्षा जाड.

मावशीचे अभ्रे

पॅकिंग मात्र एकदम देशी. निघायच्या आठ दिवस आधीपासून दोघांचा उपास. पोट भरलेलं असेल तर साप प्रवासात खाल्लेलं बाहेर काढतो. मग प्रत्येकाला एकेका उशीच्या अभ्र्यात घालून तोंडाला गाठ. अभ्रा भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात, आणि दोन्ही डबे थर्मोकोलच्या मोठ्या खोक्यात. आत एक डिजिटल थर्मामीटर. अभ्रे मावशीने दिवाळीत पाठवलेले, फुलाफुलांचे. तिला हे अजून कुणी सांगितलेलं नाही. मावशी, तू हे वाचत असशील तर सॉरी!

सापाला स्वतःच्या शरीराचं तापमान राखता येत नाही. बाहेर जेवढं, तेवढंच आत. म्हणून दादाचा नियम: थर्मामीटर २४ ते २८च्या मध्ये. ३२ ही लक्ष्मणरेषा. उभ्या गाडीत एकटं सोडायचं नाही, पाच मिनिटंसुद्धा. परिणाम? आम्ही दोघांनी एका टेबलावर बसून एकदाही जेवण केलं नाही. एक जण रेस्टॉरंटमध्ये, एक जण एसी चालू ठेवून गाडीत.

मक्याचा राजवाडा

पेनसिल्व्हेनियाच्या टेकड्या, ओहायो, शिकागोचं ट्रॅफिक (सिंहगड रोडची आठवण झाली), विस्कॉन्सिन, मिसिसिपी नदी. तिसऱ्या दिवशी साउथ डकोटा लागलं आणि रस्त्यावरचा आवाजच संपला. आय-९० नावाचा हा हायवे बॉस्टनपासून सिएटलपर्यंत जातो. इथे तो पट्टीने आखल्यासारखा सरळ. दोन्ही बाजूंना मका, वर ढग, बास.

मिचेल नावाच्या गावात ‘कॉर्न पॅलेस’ आहे. आताची इमारत १९२१ची, आणि तिच्या भिंतींवरची चित्रं खऱ्या मक्याच्या कणसांनी सजवलेली. ही चित्रं नव्याने केली जातात, रंगीबेरंगी कणसं वापरून. कॉर्न स्नेकला कॉर्न पॅलेस दाखवायचा मोह झाला होता, पण दादाने डोळे वटारले.

३१.४

चौथा दिवस. बॅडलँड्स नॅशनल पार्क. गवताळ माळ चालता चालता अचानक तुटतो आणि समोर मातीचे सुळके, कडे, घळी. राखाडी, गुलाबी, पिवळे पट्टे. जणू कुणीतरी केकचा थर अर्धवट कापून ठेवलाय. पायवाटेच्या तोंडाशी पाटी: रॅटलस्नेकपासून सावध राहा. मी पाटी वाचली, गाडीतल्या खोक्याकडे पाहिलं आणि हसत सुटले.

ते हसू अर्धा तास टिकलं. बाहेर ३८ अंश, आणि गाडीचा एसी बंद पडला.

खोक्यातला आकडा २८. मग २९. दादाने काचा उघडल्या तर आत गरम वारा भसाभसा. ३०. तो काहीच बोलेना. नोकरी गेल्यावरसुद्धा त्याचा असा चेहरा मी पाहिला नव्हता.

जवळचं गाव वॉल. तिथलं ‘वॉल ड्रग’ तुम्ही ऐकलं असेल. १९३१मध्ये एका जोडप्याने घेतलेलं औषधाचं छोटं दुकान. गिऱ्हाईक फिरकेना, म्हणून १९३६च्या उन्हाळ्यात त्यांनी हायवेवर बोर्ड लावले: बर्फाचं पाणी फुकट. आज ते जत्रेएवढं मोठं झालंय, आणि बर्फाचं पाणी अजून फुकट आहे.

मी धावत आत गेले, चार बाटल्या भरून घेतल्या. बर्फ थेट लावायचा नाही, फार थंडीनेही साप मरतो. बाटल्या टॉवेलात गुंडाळून डब्यांच्या बाजूला ठेवल्या, खोक्यावर ओली सोलापुरी चादर. आणि मागच्या सीटवर ऊन येत होतं म्हणून ते खोकं मी मांडीवर घेतलं. हो, मीच!

पुढे रॅपिड सिटीपर्यंत साधारण ९० किलोमीटर. तेवढा वेळ मी एकच गोष्ट पाहत होते. ३१. ३१.४. ३१.४. ३१. मग ३०. आतून बटाटा हळूच सरकला ते मांडीला कळलं. तो जिवंत आहे म्हणून मला एवढं बरं वाटेल, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

नागपंचमी, मुक्काम रॅपिड सिटी

गाडीच्या पार्टला दोन दिवस लागणार होते. पहिल्या मोटेलने साप म्हटल्यावर नाही म्हटलं. दुसऱ्याचे मालक गुजराती काका, बोरिवलीत वाढलेले. दादाने खरं काय ते सांगितलं. काका दोन मिनिटं गप्प. मग म्हणाले, ‘‘उद्या तुमची नागपंचमी ना? आमची अजून यायची आहे.’’ आणि पाळीव प्राण्यांचे जादा पैसेही घेतले नाहीत. रात्री वाटीभर दूध घेऊन आले. साप दूध पीत नाही, फक्त पाणी, हे दादाने समजावलं. दुधाचा चहा झाला.

दुसऱ्या दिवशी आळीपाळीने ‘रेप्टाइल गार्डन्स’ पाहून आलो. अर्ल ब्रॉकल्सबी नावाच्या माणसाने १९३७मध्ये सुरू केलेलं. हा पठ्ठ्या म्हणे टोपीखाली रॅटलस्नेक ठेवायचा आणि पर्यटकांना नमस्कार करताना टोपी काढायचा! कात्रजच्या सर्पोद्यानातली शाळेची सहल आठवली. तेव्हा मी बाईंचा हात सोडला नव्हता.

रात्री मी विचारलं, ‘‘दादा, बटाटा तुला ओळखतो का रे?’’

‘‘वासाने ओळखत असेल. पण माझी आठवण नाही येणार त्याला. कुणालाही दिला असता तरी महिन्या-दोन महिन्यांनी जेवायला लागला असता.’’

‘‘मग एवढं सगळं कशाला?’’

तो बराच वेळ बोलला नाही. ‘‘परत जावं लागलं असतं तर यांना नेता आलं नसतं. कुणाला द्यायचे, याची यादी केली होती मी. तिसाव्या दिवशी. तोपर्यंत रडलो नव्हतो.’’ मग म्हणाला, ‘‘त्याला माझी गरज नसेल. पण आणला मी आहे ना.’’

जेवला का?

पुढचा प्रवास रात्रीचा, गारव्यात. वायोमिंग, माँटाना, आयडाहो. कोलंबिया नदी ओलांडली, स्नोक्वाल्मी खिंड चढलो आणि खिडकीतून देवदारांचा वास आला. रेडमंडच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये सगळ्यात आधी लागले ते दोन टँक. आम्ही जमिनीवर झोपलो.

मिरची आठवड्याभरात जेवली. बटाटा रुसला. जागा बदलली की बॉल पायथन कित्येक आठवडे तोंड फिरवतात. मी पुण्याला परतले तरी तो उपाशीच. ऑगस्ट संपत आला तेव्हा फॅमिली ग्रुपवर दादाचा मेसेज पडला: ‘‘जेवला.’’

पहिलं उत्तर मावशीचं. ‘‘बरं झालं बाई. काय जेवला ते मात्र सांगू नकोस.’’

दादाचे पाच नियम

* निघण्याआधी किमान दोन दिवस, मोठ्या सापाला आठवडाभर खाऊ घालू नका.
* अभ्रा, डबा, थर्मोकोलचं खोकं. गाठ दोनदा तपासा.
* थर्मामीटर हवाच. अंदाज नको.
* मोटेलला आधी फोन करा. ‘पेट्स चालतात’ म्हणजे साप चालतात असं नाही.
* पोचल्यावर आठवडाभर हात लावू नका. त्याला एकटं राहू द्या.

आणि हो, हे वाचून इथे साप पाळायचा विचार आला असेल तर थांबा. भारतातले साप १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे घरात ठेवता येत नाहीत. बॉल पायथनसारख्या परदेशी जातींची सरकारदरबारी नोंदणी बंधनकारक आहे. घरात साप निघाला तर सर्पमित्राला फोन करा. अभ्रा मावशीचाच राहू द्या!